वस्तीत प्लास्टिक रिसायकलिंग सुरू करायचंय, कुठलं मशीन घेऊ? – मशीन राहू द्या, आधी काटा घ्या

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वस्तीतल्या १२ बायका आणि ७-८ तरुण मुलंमुली तयार आहेत, थोडा निधी मिळायची शक्यता आहे, प्लास्टिक रिसायकलिंगचं छोटं युनिट टाकायचंय, त्यातून बायकांच्या हातात पैसा यावा, पोरांना काम मिळावं आणि नाल्यात जाणारं, उघड्यावर जळणारं प्लास्टिक थांबावं, तर कुठलं मशीन घ्यायचं. मी या कामात १६ वर्षं आहे, त्यातली पहिली पाच तर सॉर्टिंगच्या टेबलावरच गेली, आणि आधी मशीन आणून नंतर बंद पडलेली निदान चार युनिटं मी डोळ्यांनी पाहिलीत, त्यातलं एक आमचंच होतं. म्हणून सरळच सांगते, मशीन आत्ता घेऊ नका. एक चांगला काटा घ्या आणि तो काटा, त्याची वही आणि पैशाचा हिशोब कुणाच्या हातात राहणार ते आधी ठरवा. पुढचं सगळं त्यावर उभं राहतं, कसं ते लिहिते, जरा लांबेल पण वाचा.

आमचं काय झालं ते आधी सांगते. आम्हाला निधी मिळाला, देणाऱ्यांना काहीतरी दिसणारं हवं होतं, मग प्लास्टिकचा चुरा करणारं मशीन आणलं. उद्घाटन झालं, फोटो झाले. मशीनला थ्री फेज लाइन लागते हे माहीत होतं पण ती मिळायला तीन महिने गेले. मग माल कमी पडायला लागला, कारण मशीनला तासाभरात जेवढं लागतं तेवढं आमच्याकडे आठवड्यात जमत होतं. जे जमत होतं त्यात वाळू, खिळे, स्प्रेच्या पंपातल्या स्प्रिंगा, काय काय यायचं, त्यामुळे दुसऱ्याच महिन्यात पाती बोथट झाली. चालवणारा माणूस बाहेरून आणलेला, त्याला दुसरीकडे जास्त पगार मिळाला आणि तो गेला, आणि आमच्या बायकांपैकी एकीलाही मशीनचं झाकण कसं उघडायचं ते कुणी शिकवलेलं नव्हतं. आठ महिने ते मशीन ताडपत्रीखाली पडून होतं. या सगळ्या काळात ज्या कामातून खरे पैसे येत होते ते काम होतं वेगळं करणं, म्हणजे सॉर्टिंग, आणि ते नुसत्या हातांनी चाललं होतं.

आता वजनाचं गणित. प्लास्टिक डोळ्याला खूप दिसतं आणि काट्यावर काहीच भरत नाही. पाण्याची अर्ध्या लिटरची पातळ बाटली १५ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एका किलोला ६५-७० बाटल्या लागतात. पातळ कॅरीबॅग ५-६ ग्रॅमची, किलोला पावणेदोनशे-दोनशे पिशव्या, त्याही स्वच्छ असल्या तर. सकाळभर २० पोरं राबून अख्खं मैदान साफ करतात, ढिगारा डोंगराएवढा दिसतो आणि सुकवून तोलला की हिरमोड होतो. म्हणून किती माल येईल याचा अंदाज डोळ्यांनी बांधू नका. ३० घरं निवडा, त्यांना दोन आठवडे सुकं प्लास्टिक वेगळं ठेवायला सांगा, रोज नाही तर दिवसाआड गोळा करा आणि प्रकारवार तोलून वहीत लिहा. त्या वहीवरून तुम्हाला कळेल की तुमच्या वस्तीत रिसायकलिंगचं युनिट चालेल का नुसतं गोळा करून, वेगळं करून विकण्याचं केंद्र चालेल. दुसरं कमीपणाचं आहे असं अजिबात समजू नका, बहुतेक ठिकाणी तेच टिकतं.

प्रकारवार म्हणजे काय ते नीट समजून घ्या, कारण अख्खा धंदा इथे आहे. बाटलीच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो, १ ते ७. हे आकडे १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने सुरू केले, ते फक्त कुठलं प्लास्टिक आहे एवढं सांगतात, त्रिकोण दिसला म्हणजे वस्तू रिसायकल होतेच असं नाही, हा गैरसमज शिकलेल्या लोकांतही भरपूर आहे. १ म्हणजे पेट, पाण्याच्या-शीतपेयाच्या बाटल्या. २ एचडी, म्हणजे शाम्पू, फिनाइल, डिटर्जंटचे दुधाळ किंवा रंगीत डबे, कॅन. ३ पीव्हीसी, पाइप, काही केबल, काही चकचकीत पॅकिंग. ४ एलडी, मऊ पिशव्या, पॅकिंगची फिल्म. ५ पीपी, खाण्याचे डबे, बरीचशी झाकणं, बादल्या-खुर्च्यांपैकी पुष्कळ. ६ पॉलिस्टायरीन, त्यात थर्माकोलपण येतं. ७ म्हणजे बाकीचं सगळं.

आकडा नसेल तर पाण्याची बादली घ्या. पेट, पीव्हीसी आणि कडक पॉलिस्टायरीन पाण्यापेक्षा जड आहेत, बुडतात. एचडी, एलडी आणि पीपी हलके, तरंगतात. तुकडा छोटा करा, पाण्यात साबणाचा थेंब टाका नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडापण वर राहतो आणि फसायला होतं. थर्माकोल आत हवा असल्यामुळे तरंगतं, आणि चुना-पावडर भरलेलं पीपी बुडू शकतं, एवढे दोन अपवाद लक्षात ठेवा. तरंगणाऱ्यांतलं एचडी की पीपी हे हाताला कळायला महिना जातो. एचडीवर नख ओढलं की ओरखडा पडतो, हात लावला की मेणचट लागतं, पीपी त्याच्यापेक्षा कडक, वाकवलं की घडीवर पांढरी रेघ उमटते. आमच्याकडच्या एक मावशी नुसतं टेबलावर आपटून आवाजावरून सांगायच्या आणि शंभरात दोन-तीनच चुकायच्या. कुणी जाळून वास घेऊन ओळखायला शिकवलं तर शिकू नका, भंगारच्या धंद्यात ही पद्धत सर्रास आहे आणि पीव्हीसीच्या धुरात हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ असते, ती रोज छातीत घ्यायची नाही.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते, एचडी एचडी सगळं एक नसतं. बाटली फुगवून बनवतात, त्याचं प्लास्टिक वितळल्यावर घट्ट, हळू वाहणारं असतं. झाकण किंवा क्रेट साच्यात दाबून बनवतात, ते पातळ वाहतं. दोन्ही एकत्र चुरा केलं की पुढे माल बनवणाऱ्याचं गणित बिघडतं आणि तो तुम्हाला भाव पाडून देतो किंवा परत पाठवतो. झाकणं वेगळी, बाटल्या वेगळ्या, ही एकच सवय आमच्या दरात फरक पाडून गेली. पेटमधे पीव्हीसीचे अगदी चिमूटभर तुकडे गेले तरी अख्खा लॉट पिवळा-काळा पडतो, कारण पेट वितळायला २५० अंशांच्या वर जावं लागतं आणि पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी जळायला लागतं.

यावरूनच छोट्या युनिटने काय वितळवावं तेपण ठरतं. एलडी साधारण ११० अंशांना, एचडी १३० च्या आसपास, पीपी १६० च्या पुढे वितळतं. ही तिन्ही छोट्या मशीनवर, चांगली हवा खेळती ठेवून, तापमानाचा कंट्रोल असेल तर करता येतात. पेट करू नका. त्याला एकतर तापमान जास्त लागतं, वर ते आधी पूर्ण कोरडं करावं लागतं, नाहीतर ओलाव्यामुळे वितळताना ठिसूळ होतं, त्याची यंत्रणा छोट्या गटाच्या आवाक्यातली नाही. पेट बाटल्या झाकण काढून, चेपून, रंगवार गठ्ठे बांधून विका, त्याला बाजारात कायम गिऱ्हाईक असतं. पीव्हीसीला हात लावू नका, थर्माकोल वितळवू नका, आणि जुन्या टीव्ही-कॉम्प्युटरचं काळं प्लास्टिक तर वेगळं काढून ठेवा, त्यात आग लागू नये म्हणून घातलेली ब्रोमीनवाली रसायनं असतात, ती दुसऱ्या वस्तूत जायला नकोत. वेफर्सचं चकचकीत पाकीट, मसाल्याचे पाउच यांत तीन-चार थर चिकटवलेले असतात, ते तुमच्याकडून सुटे होणार नाहीत. गोळा केलं तरी घेणारा शोधूनच करा, नाहीतर कोपरा भरत जातो आणि एक दिवस कुणीतरी काडी लावतं.

मला माहीत आहे तुमच्यातली तरुण मुलं व्हिडिओ बघून म्हणत असतील की ड्रममधे प्लास्टिक वितळवू, वाळू मिसळू, पेव्हर ब्लॉक करू. कल्पना खोटी नाही. नैरोबीत न्झांबी मटी या तरुण इंजिनिअर बाईने प्लास्टिक आणि वाळूचे पेव्हर बनवायचा कारखाना उभा केला आणि २०२० मधे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा तरुणांसाठीचा पुरस्कार तिला मिळाला. पण तिने स्वतः मशीन बनवण्यात आणि मिश्रणाच्या चाचण्यांत वर्षं घातली, आणि तिच्याकडे कुठलं प्लास्टिक चालतं कुठलं नाही याची निवड काटेकोर आहे. उघड्या ड्रमखाली लाकूड पेटवून मिक्स प्लास्टिक ढवळणं हे वेगळं प्रकरण आहे, तिथे तापमान कुणाच्या ताब्यात नसतं, खालचा थर जळत असतो आणि ढवळणारी पोरगी धुरात उभी असते. पर्यावरण वाचवायच्या नावाने पोरांची फुप्फुसं जाळायची नाहीत, हे मी कुठल्याही सभेत ओरडून सांगेन. आणि असे ब्लॉक पायवाटेला ठीक, घराच्या भार घेणाऱ्या भिंतीला नकोत, आगीत ते मऊ पडतात.

आता गिऱ्हाईक. माल गोळा करायच्या आधी घेणाऱ्याकडे जा, निदान तिघांकडे, आणि नमुना हातात घेऊन जा, नुसतं विचारू नका. काय विचारायचं, तर कुठल्या रूपात हवं, सुटं की गठ्ठे की चुरा, कमीत कमी किती वजन झालं की गाडी पाठवाल, ओलावा आणि घाण यांची किती घट धरता, आणि पैसे किती दिवसांनी. शेवटच्या प्रश्नाने गट बुडतात. कचरा वेचून आणणाऱ्या बाईला पैसे त्याच दिवशी लागतात, तुमचा खरेदीदार तीन आठवड्यांनी देणार, मधलं अंतर भरायला खेळतं भांडवल हवं. मिळणाऱ्या निधीतला मोठा हिस्सा मशीनऐवजी यासाठी बाजूला काढा. देणाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं कारण खेळत्या भांडवलाचा फोटो निघत नाही, पण वही दाखवली की पटतं, माझा अनुभव आहे.

भाव चढतो कसा तेपण बघा. मिक्स मालाला सगळ्यात कमी, वेगळा केला की वाढतो, धुऊन-सुकवून गठ्ठा बांधला की अजून, चुरा केला की अजून, चुरा वितळवून त्याचा दाणा काढला की अजून आणि वस्तू बनवली तर सगळ्यात जास्त. पण प्रत्येक पायरीला वीज, पाणी, जागा, दुरुस्ती आणि घट वाढत जाते. मी पाहिलंय त्यात सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात मोठी उडी पहिल्याच पायरीवर मिळते, मिक्सवरून वेगळ्यावर. आणि बाजार आपल्या हातात नसतो, नवं प्लास्टिक तेलापासून बनतं, तेल स्वस्त झालं की नवा दाणा स्वस्त होतो आणि जुन्याला कुणी विचारत नाही, २०२० मधे तेलाचे भाव कोसळले तेव्हा जगभरातल्या रिसायकलवाल्यांनी हे सोसलं. तेव्हा मशीनचं कर्ज डोक्यावर नसलेले गट वाचले, आम्ही वाचलो तेपण त्यामुळेच.

आता बायकांबद्दल, माझ्या जिव्हाळ्याचा विषय. "महिलांना रोजगार" असं प्रत्येक प्रस्तावात लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात जाऊन बघा, बायका खाली बसून वेगळं करतायत, मशीनवर पुरुष, काट्यावर पुरुष, खरेदीदाराशी फोनवर पुरुष. मशीन आलं की जास्त मजुरीचं काम मुलांकडे सरकतं आणि बायकांच्या वाट्याला धूळ आणि पाठदुखी उरते, हे आपोआप होतं, कुणी वाईट हेतूने करतं असं नाही, म्हणून ठरवून थांबवावं लागतं. पहिल्या दिवसापासून काटा बाईच्या हातात द्या. जी तोलते तिच्यावर आणणाऱ्यांचा विश्वास बसतो आणि घेणारापण तिलाच विचारतो. बँकेच्या खात्यावर दोन सह्या ठेवा, त्यातली एक तरी टेबलावर काम करणाऱ्या बाईची, नुसत्या अध्यक्षांची नको. मशीन येईल तेव्हा दोन बायका आणि दोन मुलं अशा चौघांना सगळं शिकवा, पाती काढणं, धार लावायला नेणं, जाळी बदलणं, सगळं. आमच्याकडे नंतर ज्या बाईने मशीन चालवायला हातात घेतलं ती चौथीपर्यंत शिकलेली होती, बेअरिंगचा आवाज बदलला की तिला मेकॅनिकच्या आधी कळायचं.

मजुरीचा एक पेच आहे तो आधीच सोडवा. किलोवर पैसे दिले की सोपं वाटतं, पण जिच्या वाट्याला पातळ पिशव्या येतात ती दिवसभर राबून चार किलो करते आणि जिच्या वाट्याला डबे येतात ती दुपारपर्यंत ४० किलो करते. आमच्यात यावरून दोन जिवाभावाच्या मैत्रिणींचं बोलणं बंद झालं होतं, आणि चूक दोघींची नव्हती, पद्धत चुकीची होती. मग आम्ही तासावर ठराविक मजुरी ठेवली आणि महिन्याअखेर गटाला जो नफा होईल त्याचा हजेरीप्रमाणे वाटा, आणि पिशव्यांच्या टेबलावर सगळ्यांची पाळी. त्यानंतर भांडण झालं नाही.

शिवाय वेळ. बायका घरचं उरकून येतात, त्यांना दुपारचे चार तास सोयीचे असतील तर चारच तासांची पाळी ठेवा. लहान मुलं सोबत येणार असतील तर त्यांना बसायला वेगळी खोली हवी, ढिगाऱ्याजवळ मूल नको. संडास हवा, त्याला आतून कडी हवी, हे मुद्दाम लिहिते कारण आराखड्यात ते कायम शेवटी येतं. टेबल कमरेएवढ्या उंचीचं करा, खाली वाकून वेगळं करणाऱ्या बाईची पाठ तीन वर्षांत जाते. जाड हातमोजे, बूट, धनुर्वाताचं इंजेक्शन. सुया, सलाइनच्या नळ्या आल्या तर हाताने उचलायच्या नाहीत, चिमट्याने कडक झाकणाच्या डब्यात टाकायच्या आणि तो डबा दवाखान्याच्या कचऱ्यात पोचवायचा. मशीनपाशी ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस नकोत, मशीन बंद करायचं लाल बटण कुठे आहे ते डोळे मिटून सापडलं पाहिजे, आणि अडकलेला माल हाताने ढकलायचा नाही म्हणजे नाही.

मशीन नसतानाही बायका किती करू शकतात त्याचं उदाहरण गांबियातल्या इसाटू सीसे यांचं आहे. एन्जाऊ नावाच्या गावात १९९७ साली त्यांनी चार बायकांना सोबत घेऊन सुरुवात केली. गावभर पिशव्या पडायच्या, शेळ्या त्या खाऊन मरायच्या, साचलेल्या पाण्यात डास व्हायचे. त्यांनी पिशव्या धुऊन, सुकवून, पट्ट्या कापून क्रोशाच्या सुईने पर्सेस विणल्या आणि विकल्या. लोक हसले, बायकांना चोरून रात्री काम करावं लागलं. पण हातात स्वतःचे पैसे आले. याचा अर्थ तुम्हीपण पर्सेस विणा असा नाही, विणकामाने फार थोडं प्लास्टिक संपतं आणि पर्स विकणं हा वेगळाच धंदा आहे. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की सुई, कात्री आणि पैसे तिन्ही बायकांच्याच हातात होते.

दुसरं, तुमच्या वस्तीत आधीपासून कचरा वेचणारे असतीलच. त्यांना बाजूला सारून युनिट उभं करू नका. आधी त्यांच्याकडे जा, त्यांना गटात घ्या, त्यांच्याकडून शिका, कुठला माल कुठे मिळतो आणि कोण फसवतं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पुण्यात १९९३ साली कचरा वेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, त्यात बहुसंख्य बायका, आणि पुढे त्यातूनच घरोघर जाऊन कचरा घेणारी त्यांच्या मालकीची सहकारी संस्था झाली. कोलंबियात बोगोटाच्या कचरा वेचकांनी कोर्टात लढून शहराच्या कामात आपला हक्क मिळवला, त्यांच्या नेत्या नोहरा पादिया यांना २०१३ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. २०२२ मधे प्लास्टिकवरच्या जागतिक कराराची बोलणी सुरू करायचा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत झाला तेव्हा त्यातही असंघटित आणि सहकारी पद्धतीने प्लास्टिक गोळा करणाऱ्या, वेगळं करणाऱ्या कामगारांच्या, म्हणजे कचरा वेचकांसारख्यांच्या कामाचा उल्लेख आला. नवीन निधी घेऊन आलेल्या गटाने त्यांचा माल पळवला तर आपण गरिबाच्या ताटातलं गरिबाला वाढतोय एवढाच त्याचा अर्थ होतो.

तरुणांचं सांगते. त्यांना फुकट राबवू नका. "स्वयंसेवक" म्हणून पोरं दोन महिने येतात आणि मग नोकरी शोधायला निघून जातात, त्यांचं काही चुकत नाही. १८ च्या खालच्यांना मशीन आणि घाण माल दोन्हीपासून लांब ठेवा, शाळेतल्या मुलांचं काम घरोघर जाऊन प्लास्टिक वेगळं कसं ठेवायचं ते समजावणं एवढंच, आणि ते ती फार छान करतात. मोठ्यांना पगार द्या आणि हाताला हुन्नर द्या. मशीनची दुरुस्ती, वेल्डिंग, मोटर, साचे बनवणं, हिशोब, खरेदीदारांशी बोलणी, हे पुढे कुठेही उपयोगी पडतं. नेदरलँड्सच्या डेव्ह हाकेन्स या डिझायनरने २०१३ मधे प्रेशियस प्लास्टिक नावाने चुरा करायच्या, दाबून-ओतून वस्तू करायच्या छोट्या मशीनचे नकाशे सगळ्यांसाठी मोफत खुले केले, जगभर लोकांनी ते बघून मशीन बनवलीत. तुमची मुलं एखाद्या चांगल्या वेल्डरच्या हाताखाली असं मशीन स्वतः बनवतील तर ते बिघडल्यावर कुणाची वाट बघावी लागणार नाही. फक्त पातं आणि त्याचा शाफ्ट चांगल्या पोलादाचा, चांगल्या वर्कशॉपमधून करून घ्या, तिथे काटकसर करू नका, आणि मशीनला जाळ्या दोन ठेवा, बारीक चुऱ्याला ८-१० मिलिमीटरची आणि एक मोठी.

पर्यावरणाचा फायदा खरा व्हावा असं वाटत असेल तर दोन गोष्टी पाळा. धुण्याच्या पाण्यात प्लास्टिकचे बारीक कण सुटतात, ते पाणी तसंच नाल्यात सोडलं तर वरून गोळा केलं आणि खालून सोडलं असं होतं. तीन टाक्या एकाला एक जोडा, पाणी थांबत थांबत पुढे जाऊ द्या, शेवटी जाड कापडाची गाळणी, वर तरंगणारं आणि तळाचा गाळ दोन्ही काढून सुकवून कचऱ्यात द्या, आणि तेच पाणी पुन्हा वापरा. दुसरं म्हणजे जे विकलं जात नाही, उरतं, त्याचंही वजन वहीत लिहा आणि ते कुठे गेलं तेपण लिहा. जगात आजवर झालेल्या प्लास्टिक कचऱ्यातलं जेमतेम ९ टक्के रिसायकल झालंय, हा २०१७ मधे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा आकडा आहे, १२ टक्के जाळलं गेलं आणि बाकीचं पुरलेलं नाहीतर निसर्गात पडलेलं आहे. एक गट हा आकडा हलवणार नाही, पण तुमचा नाला नक्की मोकळा होईल, आणि तुमच्या वहीत "उरलेलं" या रकान्यात कुठल्या कुठल्या पाकिटांचा भरणा आहे ते दिसायला लागलं की वस्तीतल्या दुकानदारांशी आणि ग्रामपंचायत-नगरपालिका जे असेल त्यांच्याशी बोलायला तुमच्याकडे पुरावा असेल. आम्ही असं बोललो तेव्हा निदान पाकिटांऐवजी सुटा माल विकायला तीन दुकानदार तयार झाले.

वस्तू बनवायच्या टप्प्याला पोचलात तर जाड, टिकाऊ वस्तू करा, बाकाच्या फळ्या, कुंपणाचे खांब, कुंड्या, टाइल्स. खाण्यापिण्याची भांडी आणि लहान मुलांची खेळणी करू नका, जुन्या प्लास्टिकमधे आधी काय भरलं होतं ते आपल्याला माहीत नसतं. आणि साचा बनवायच्या आधी त्या वस्तूची निदान एक ऑर्डर हातात हवी, साचा महाग असतो, आवडला म्हणून केलेला साचा कपाटात पडून राहतो.

माल ठेवायच्या जागेचं विसरू नका. हलकं प्लास्टिक अफाट जागा खातं आणि पेटलं तर विझत नाही. ढिगांमधे माणूस चालेल एवढी वाट ठेवा, वायरिंग भिंतीच्या पाइपमधूनच, आत विडी-सिगारेट बंद, आग विझवायची नळकांडी दाराजवळ, आणि माल आठवड्याला हलला पाहिजे, भाव वाढेल म्हणून साठवायचा मोह टाळा.

तर आत्ता एवढंच करा. ३० घरांचं प्लास्टिक दोन आठवडे घ्या, बारा जणींनी मिळून एकदा टेबलावर ओता, पेट, एचडी बाटली, एचडी झाकण, एलडी, पीपी आणि उरलेलं असे सहा ढीग करा, सुकवून तोला. सोबत तीन खरेदीदारांची उत्तरं लिहून घ्या, घट आणि पैसे किती दिवसांनी यासकट. सहा आकडे आणि तीन उत्तरं इथेच लिहा, मशीन लागेल की नाही आणि लागलं तर कितीचं ते मी तुम्हाला त्यावरून सांगते. तोलणार कोण तिचंपण ठरवा, आणि शक्यतो तुमच्यात सगळ्यात कमी बोलणारी जी असेल तिला द्या.